बाळंतिणीच्या खलात पडलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुना पितळी खल आहे, आणि आज मला बोलल्यावाचून राहवत नाही! इजिप्तमधल्या टांटा शहराच्या तांबट आळीत माझा जन्म झाला. हजला जाऊन आलेल्या इहसान हज्जाच्या घरी चाळीस वर्षे मी बाळंतिणींसाठी मुगात नावाची मुळी कुटली. तूप-साखरेत ती शिजवून प्यायली की अंगावर दूध येते, असे इथल्या बायका म्हणतात. पुढे मिक्सर आला आणि मी ओट्याखाली धूळ खात पडलो. फार वाईट वाटे.

हज्जाची सून रबाब. तिला सहा वर्षे मूल नव्हते. अंगात दूध तयार करणारे संप्रेरक अवेळीच वाढले होते, त्यामुळे दिवस राहत नव्हते. ते कमी करायला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दिवस राहताच बंद केल्या. मग मुलगी झाली! सातव्या दिवशीच्या बाळाच्या सोहळ्यासाठी मला बाहेर काढून लिंबू-राखेने घासले. काय लखलखलो म्हणून सांगू! मुळी कुटून होत आली, तोच हज्जाने जपून ठेवलेल्या, रबाबच्या उरलेल्या गोळ्यांच्या बाटलीतली एक गोळी माझ्यात टाकली.

"हज्जा, थांबा! काय टाकलंत त्यात?" रबाबची मैत्रीण नर्मीन ओरडली. तिचे औषधांचे दुकान आहे.

"अगं, बरकतीची गोळी! हिच्यामुळंच तर नात झाली. आता नातूही होईल!"

"नातू राहू दे, नातीचं दूध आटेल! ही गोळी दूधच थांबवते. पाजणाऱ्या आईनं ही घ्यायची नाही. पुढं कधी लागलीच, तर तिचे डॉक्टर सांगतील."

रबाबने बाळाला घट्ट धरले. "अम्मा, आधी तर नाही ना दिलीत?"

"नाही गं, देवाशप्पथ! आजच पहिली." हज्जाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मेली मी! नातीच्या तोंडचा घास काढायला निघाले होते."

ती पूड फेकली, मला धुतले, नवी मुळी कुटली. मग इथल्या रीतीप्रमाणे बाळाला मोठ्या चाळणीत ठेवले आणि त्याच्या कानाशी हज्जाने मला बत्त्याने ठणठण वाजवले.

"आईचं ऐक! बाबाचं ऐक! आणि आजी गोळी घेऊन आली, तर नर्मीनला हाक मार!"

जमलेल्या बायका हसून लोटपोट झाल्या. मुलगी दचकून रडली, रबाबने तिला जवळ घेतले आणि ती चुटुचुटु दूध पिऊ लागली.

मित्रांनो, माझ्यात काहीही टाका, मी कुटतो. मला नाही म्हणता येत नाही. म्हणून बाळंतिणीला गोळी देण्याआधी तुम्हीच डॉक्टरांना किंवा नर्मीनसारख्या जाणकाराला विचारा.