दोन बोटं कमी

मित्रांनो, मी उंच उडीची एक जुनी आडवी दांडी आहे. शाळेला मारतात ती दांडी नव्हे बरं का! दोन खांबांच्या मध्ये टेकवतात आणि जिच्यावरून उड्या मारतात, ती मी.

माझं नशीबच विचित्र. जो छान उडतो, त्याचा मला स्पर्शही होत नाही. ज्याचं चुकतं तोच मला लागतो, मी खाली पडते, आणि तो माझ्याकडेच रागाने बघतो. कारखान्यातून आले तेव्हा मी अगदी सरळ होते. लाल-पांढरे पट्टे कसे झळकायचे! जो तो कौतुक करायचा. पुढे नव्याची नवलाई सरली. एका उन्हाळ्यात मला पत्र्याच्या खोलीत भिंतीला तिरकी टेकवून, कुलूप लावून सगळे निघून गेले. त्या उकाड्यात माझी कंबर वाकली ती वाकलीच. फार नाही, दोन बोटं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

खोलीबाहेरच्या मैदानावर एक लांब पायांची मुलगी यायची. सगळे तिला नाकतोडी म्हणायचे. आदल्या वर्षीच्या निवड स्पर्धेत हनुवटीइतक्या उंचीवर तिने तिन्ही वेळा दांडी पाडली होती. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं, ही उंची काही आपली नाही. मला जरा खाली ठेवलं की पोरगी मजेत उडायची. हनुवटीपाशी नेलं की धावत यायची आणि ऐनवेळी पाय रोवून थांबायची. पायांत ताकद होती हो! पण मनच मागे ओढायचं, त्याला काय करणार? यंदा निवड झाली नाही तर खेळ बंद, असं वडिलांनी बजावलंही होतं.

तरी उडण्याआधी ती माझ्यापाशी यायची, एक बोट हळूच लावायची आणि म्हणायची, "सांभाळ गं बाई." न पाडता मला हात लावणारी ती एकटीच. मी दिवसभर त्या बोटाची वाट बघायचे.

एके दिवशी सरांनी खांबांवरच्या खुणा बघून मला त्या नकोशा उंचीवर ठेवलं. खरं तर मधोमध मोजायचं असतं, ते घाईत राहिलं, आणि मध्ये मी दोन बोटं खालीच राहिले. नाकतोडी धावली, आणि गेली की वरून! मी थरथरले, पण पडले नाही.

"सर, गेले मी! गेले!" गादीवर पडल्या पडल्या ती हसत होती, रडत होती. दुसऱ्या दिवसापासून तिची धावच बदलली. ऐनवेळी थांबणं बंद झालं.

निवड दुसऱ्या मोठ्या मैदानावर होती, नव्या दांडीवर. निघताना ती मला "येते हं" म्हणाली. त्या दिवशी बंद खोलीत मी जेवढी भ्याले, तेवढी कधीच भ्याले नाही. माझी दोन बोटं पोरीला तिथे नडली तर?

परतली ती नाचतच. तीच उंची, पहिल्याच उडीत! सरांनी खूश होऊन मैदानासाठी नवी दांडी आणली. माझ्याशेजारी धरून बघितली मात्र, आणि त्यांनी नाकतोडीला जवळ बोलावलं.

"अगं, ही तर मध्ये दोन बोटं वाकलीये. म्हणजे त्या दिवशी तू ती उंची मारलीच नव्हतीस."

नाकतोडीचा चेहरा उतरला. "मग सगळं खोटंच?"

"इथलं खोटं. पण तिथली दांडी कुठे वाकली होती? तिथे कोण उडालं, तुझी आत्या?"

ती खुदकन हसली. माझ्या वाकलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "बरं झालं बाई, बोलली नाहीस."

मग ती मोठ्या मैदानाकडे गेली आणि मी पुन्हा या भिंतीला आले. तेव्हापासून मला कुणाचं बोट लागलेलं नाही. तिची फार आठवण येते. बाहेर नवी दांडी पडल्याचा आवाज आला की मी उगाच कान देऊन बसते.

मित्रांनो, दांडी भिंतीला टेकवू नका, जमिनीवर आडवी ठेवा. आणि एक ऐका. उंच उडीत जिंकणाराही वर वर जात शेवटी दांडी पाडूनच थांबतो. तेव्हा तुमच्याकडून पडली, तर 'आपल्याला जमायचं नाही' असं मनात धरून बसू नका. तिला उचला, परत जागेवर ठेवा. आणि ठेवताना एक बोट लावा जरा. तिलाही बरं वाटतं.