खेमराजचं झाड

चंचल पळत घरी आली तेव्हा टोपली मोहाच्या झाडाखालीच राहिली होती आणि कुडत्याची बाही फाटली होती. गावातल्या खेमराजनं मागून धरलं, तोंड दाबलं, खाली पाडलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि सुटली. हे तिनं एका दमात आईला सांगितलं. त्यावर रुख्माबाईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अंधाराची एकटी काऊन गेलीस वो?"

चंचल बघतच राहिली. "माय, तूच त उठवलं मले."

स्वतःचा गुडघा धरला होता, म्हणून रुख्माबाईनंच तिला मोहफुलं वेचायला हलवून उठवलं होतं. उजाडेस्तोवर थांबलं तर पडलेला मोह गाई खाऊन जातात.

"सालेकस्याच्या ठान्यात रपोट द्याले जाऊन राहिली मी. तू येतेस का, सांग."

"गप्प राय. लोक बोलतीन."

दुपारी शेजारणी समजवायला आल्या. अंगणात मोह वाळत होता. हात रिकामे कशाला, म्हणून त्यातल्या काड्या वेचू लागल्या. तोंडं तर कधीच रिकामी नसतात.

"पोरीच्या जातीनं अंधारात जावंच कायले?" सुखवंता म्हणाली. "खेमराजले का म्हनाव? मानूसच तो."

रुख्माबाईचे कान तापले. आपलंच सकाळचं वाक्य, दुसरीच्या तोंडून किती घाण वाटत होतं. आत दाराआड चंचल पिशवी घेऊन उभी होती. सगळं ऐकत होती.

"मीच धाडली," रुख्माबाई मान खाली घालून म्हणाली. "अन् तू बी त अंधारातच गेली होतीस, सुखवंताबाई. हाताले वास हाय अजून. मोह का दुपारी पडते?"

"माह्यं झाड हाय तिकडं."

"आमचं बी हाय. खेमराजचं कोनतं?"

कोणाचं झाड कोणतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. खेमराजची झाडं पार तळ्याच्या अंगाला. तो चंचलच्या झाडाखाली कशाला गेला होता, हे सकाळपासून कोणी विचारलं नव्हतं. रुख्माबाईनंही नाही. काड्या वेचणारे हात थांबले.

चंचल बाहेर आली. 'ओढणी नीट घे,' रुख्माबाईच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं आणि चपला पायात सरकवल्या. पोरीच्या तोंडाकडे बघायची हिंमत काही झाली नाही.

"टोपली आनून देऊ का?" सुखवंतानं हळूच विचारलं.

"हात नोको लावजो. पोलिसाले दाखवाची हाय. आमच्याच झाडाखाली हाय ते."