धुतलेले पाय

चैत्रातली ताम्रवर्णी सांज. दगडी चर्चच्या कौलांवर मावळतीचे मंद सुवर्ण, अंगणात मोहरलेल्या निंबाचा कडवट सुगंध, आणि आत वेदीपुढे मांडलेल्या बारा खुर्च्या. पवित्र गुरुवार होता. शेवटच्या भोजनाला प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आज पाळक बारा जणांचे पाय धुणार होते.

आणि काय ते पाय! साबणाने घासलेले, वजरीने खरवडलेले, खोबरेलाने तुकतुकीत. धुतल्या तांदळासारखी माणसे धुतलेले पाय धुऊन घ्यायला बसली होती. मला अजून चीड येते.

बारावी खुर्ची थोमा पाटोळेची. चाळीस वर्षे गावाची गटारे उपसणाऱ्या थोमाचे नाव आयुष्यात पहिल्यांदाच यादीत आले होते. पण दुपारी चर्चमागचे गटार तुंबले, आणि पंचांनी त्यालाच हाक मारली. गटार वाहते झाले तेव्हा उपासनेची घंटा वाजत होती. थोमा धावत आला, तसाच आला. गुडघ्यापर्यंत काळा, भेगाळल्या टाचांत चिखल, मुखावर निर्मळ आनंद. येऊन आपल्या खुर्चीवर बसला.

पंच शमुवेल भांबळांनी नाकाला रुमाल लावला. "थोमा, आधी पाय धुऊन ये. मग पाय धुऊ."

कुणी हसले नाही. एवढ्या भरल्या मंडळीत त्या वाक्यातली गोम कुणालाच कळली नाही. थोमा उठला, मान खाली घालून दाराकडे निघाला. त्याच्या खुर्चीवर पंचांचा जावई येऊन बसला.

तेव्हा दुर्कसबाई उठल्या. पाळकांची पत्नी, तीस वर्षे परात भरून देणारी, तीस वर्षे पंचे धुणारी, तीस वर्षे गप्प. त्या मितभाषी, मृदुवदना बाईच्या सर्वांगात संताप पेटला. पाळकांच्या हातातली परात त्यांनी ओढून घेतली.

"भांबळसाहेब, स्वच्छच पाय धुवायचे होते, तर प्रभू कशाला वाकला असता?"

दारातल्या पायरीवर त्यांनी थोमाला बसवले. तो ओशाळून पाय मागे घेऊ लागला. "नको बाई, पातळ खराब होईल तुमचं."

"होऊ द्या. पाय इकडं आणा, बाबा."

मग काळे पाणी. तांब्यावर तांब्या काळे पाणी. एकेका भेगेतून चाळीस वर्षांचा काळोख ओघळत होता, आणि बाई दात-ओठ खात, रडत, तो पाय धूत होत्या. पाळक क्षणभर वेदीपाशी खिळले. मग झगा आवरून पायरीवर आले, गुडघे टेकले, आणि दुसरा पाय त्यांनी हाती घेतला.

वेदीपुढे बारा खुर्च्यांवर चोवीस पाय वाट पाहत होते. तुकतुकीत पाय, सुगंधी पाय, निष्कलंक पाय. पाणी संपले. प्रार्थना संपली. दिवे मालवले. आणि ते पाय, तसेच स्वच्छ, तसेच कोरडे, न धुतलेलेच घरी गेले.