घरपट्टीचा बँड

पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला, की साहेबलोकांना पहिली आठवते ती कला. दिवे विझवले तर लोक शिव्या घालतील. बँड बंद केला तर रडणार कोण? रडणार होते एकटे अण्णाप्पा मास्तर. संस्थान विलीन होऊन पंधरा-वीस वर्षं झाली, तरी पालिकेचा बँड दर रविवारी बागेत वाजायचा तो ह्यांच्या जिवावर. क्लॅरनेट म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण.

"बंद नका करू साहेब," मास्तर काकुळतीला आले. "सांगशिला ते करतो."

वसुलीचे साहेब दत्तोपंत म्हणाले, "मग घरपट्टी थकवणाऱ्यांच्या दारात वाजवा. लाजून भरतील. वसुली झाली तर बँड राहील."

पहिलं दार गूळवाल्या जयपालशेठचं. मास्तरांनी यमन असा काही आळवला, की अख्खी पेठ गोळा झाली. शेठ लाजतोय कुठला! पायरीवर मांडी ठोकून बसला.

"व्वा मास्तर! च्या घ्या. आता भैरवी हुं द्या की!"

"आन् घरपट्टी?"

"भरली तर उद्या येशिला व्हय तुमी?"

झालं! शेजारच्या बायडाबाई पैसे भरायला निघाल्या होत्या, त्याही माघारी फिरल्या. "आमच्या दारात वाजल्याबिगर न्हाय भरायची मी!"

दत्तोपंतांनी मास्तरांना फैलावर घेतलं. "उद्या वसुली आली नाही, तर बाजा गुंडाळा."

सकाळी मास्तरांनी मंडळींना सांगितलं, "आज बेसूर वाजवायचं." शेठच्या दारात असा कालवा उठला, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. शेठ कानांवर हात ठेवून धावत आला.

"पाया पडतो मास्तर, थांबवा! आत्ता भरतो!"

आठवड्यात सगळी पेठ वसूल. बँड वाचला. दत्तोपंतांनी पाठ थोपटली.

रविवारी मास्तर हरखून बागेत गेले. बँडवाल्यांचे लाल कोट दिसले मात्र, "बाजा आला रं!" म्हणत माणसं पोरांना बखोटीला मारून पळत सुटली. बाकं रिकामी. आता कुणासाठी वाजवायचं?

एका बाकावर मात्र जयपालशेठ हलला नव्हता. त्यानं खिशातनं पावती काढून फडकावली.

"घरपट्टी भरलीया मी, मास्तर. आता सुरात वाजवा की!"

मास्तरांनी डोळे पुसले आणि त्यानं मागितलेली भैरवी धरली.