माझी घुरघुर आणि मनुआक्काचे कान

मित्रांनो, मी वडगावातला एक सात वर्षांचा बोका आहे. रंग राखाडी, डावा कान जरासा फाटका, नाव धोट्या. मागावर दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा तुम्ही पाहिला असेल. लहानपणी मी तसाच घरभर धावायचो, म्हणून आमच्या घरातल्या भैरवीने मला हे नाव दिलं. आज मी माझी कहाणी सांगायला बसलो आहे, पण कौतुक करून घ्यायला नव्हे. मला तक्रार करायची आहे. सात वर्षं ती पोटात साठली आहे, तेव्हा मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म बोरगावचा. तंबाखूच्या वखारीत, पोत्यांच्या मागे मी डोळे उघडले. अजूनही मला दिवसातून चार वेळा शिंका येतात आणि घरातले म्हणतात की धोट्याला सर्दी झाली. मी दोन महिन्यांचा असताना मारुतीराव तिथे पाहुण्यांकडे आले. त्यांच्या वडगावच्या घरी चार माग होते आणि उंदरांनी उच्छाद मांडला होता. सुताला लावलेली खळ उंदरांना फार आवडते. खळ चाटता चाटता ते सूतही कुरतडतात आणि विणकराची सगळी मेहनत वाया जाते. मारुतीरावांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि बसने घरी आणलं. पिशवीची ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

घरात चार माणसं होती. मारुतीराव माग चालवायचे. त्यांची बायको सुवर्णा तयार साड्यांचे सुटे दोरे कापायची आणि घड्या घालायची. मुलगी भैरवी तेव्हा पाचवीत होती, आता कॉलेजला जाते. चौथी मनुआक्का, म्हणजे मनुबाई, मारुतीरावांची थोरली बहीण. ती धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायची. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात बसून तिचे कान जवळजवळ गेले होते. कोणी कानाजवळ येऊन ओरडलं तरच तिला थोडंफार ऐकू यायचं.

उंदरांचं काम मी वर्षभरात उरकलं. सगळे खूश झाले. दुधाची वाटी मोठी झाली, शेजारपाजारचे लोक मला बघायला आले. इथपर्यंत सगळं छान होतं, पण त्यानंतर त्यांनी माझे लाड सुरू केले आणि माझी डोकेदुखी सुरू झाली.

मारुतीरावांकडे पूर्वी कुत्रा होता. त्यामुळे शेपूट हलली म्हणजे जनावर खुशीत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी वैतागून शेपूट आपटायला लागलो की ते म्हणायचे, "बगा की, कसं लाडात आलंय!" आणि आणखी जोरात पाठ चोळायचे. मी शेपूट आणखी आपटायचो. ते आणखी चोळायचे. शेवटी मी पंजा मारायचो आणि ते हात झटकून म्हणायचे, "लई बेइमान जात ही." मी आधी दहा वेळा सांगितलं होतं, त्याचं काय?

भैरवीची वेगळीच तऱ्हा. दुपारी मी उताणा होऊन पडायचो. मित्रांनो, आम्ही पोट दाखवतो म्हणजे आम्हाला त्या माणसाची भीती वाटत नाही. बस्स, एवढंच. भैरवी मात्र धावत येऊन दोन्ही हातांनी पोटाला गुदगुल्या करायची. तुम्ही विश्वासाने दार उघडं ठेवावं आणि पाहुण्याने सरळ कपाटात हात घालावा, तसं मला व्हायचं.

आणि सुवर्णा! मला ती सगळ्यांत जास्त आवडायची. तिच्यासमोर बसून मी हळूहळू डोळे मिटायचो आणि हळूहळू उघडायचो. आमच्यात माया दाखवायची याहून मोठी रीत नाही. सुवर्णाने चार दिवस ते पाहिलं आणि भैरवीला म्हणाली, "अगं, ह्याचे डोळे आलेत वाटतं." मग दोघींनी मला धरून माझ्या डोळ्यांत गुलाबपाणी घातलं. मी जेवढी माया दाखवायचो, तेवढं गुलाबपाणी वाढत गेलं.

तुम्ही म्हणाल, माणसं ती माणसंच, त्यांना मांजराचं अंग कसं वाचता येणार? इथेच माझं डोकं फिरतं. कारण ही माणसं दिवसभर एकमेकांचं अंगच वाचत होती! चार माग सुरू झाले की त्या घरात कानाजवळ बोललेलं ऐकू येत नाही. मग सगळा कारभार हातांनी आणि डोळ्यांनी चालतो. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की दोरा तुटला. अंगठा ओठांकडे नेला की चहा. तळवा उभा धरला की माग ताबडतोब बंद, प्रश्न विचारायचा नाही. मारुतीराव पलीकडच्या मागापाशी उभे राहून मनुआक्काच्या नुसत्या खांद्याकडे बघायचे आणि तिची कंबर दुखतेय हे ओळखून तिला झोपायला पाठवायचे. भैरवीच्या भुवईवरून तिचा पेपर कसा गेला ते त्यांना कळायचं. आणि मी? मला कान होते, शेपूट होती, मिशा होत्या, पाठीवर केस होते. या सगळ्यांनी मी ओरडून ओरडून सांगत होतो. त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मनुआक्काशी माझं मुळीच जमलं नव्हतं. तिने मला कधी उचललं नाही, कधी लाडाने हाक मारली नाही. कांडी भरता भरता ती नुसती टक लावून बघायची. आमच्यात टक लावून बघणं म्हणजे भांडणाची तयारी. ती बघायला लागली की मी कान पाडून दुसऱ्या खोलीत जायचो. ही म्हातारी आपल्यावर दात धरून आहे, अशी माझी सात वर्षं खात्री होती.

यंदाच्या उन्हाळ्यात मी आजारी पडलो. मला लघवी होईना. वाळूच्या टोपलीत बसलो की पोटात कळ यायची आणि दोनच थेंब पडायचे. मला वाटलं, ही टोपलीच मला दुखवते आहे. म्हणून मी दुसरीकडे बसून पाहू लागलो. न्हाणीघरात बसलो, दाराच्या पायपुसण्यावर बसलो. सुवर्णा दर वेळी हाकलायची. "सात वर्सं शाणा होता, आता माजलाय," असं ती म्हणायची. मी कोपऱ्यात जाऊन पाठीला कुबड काढून बसलो. कोणी म्हणालं, आळशी झालाय. दूध टाकलं, तर म्हणाले, नखरे आलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मऊ जागा शोधत शोधत सुवर्णाच्या घड्यांपाशी पोचलो. सगळ्यांत वर एक मोरपंखी साडी होती. शहापुरातल्या एका लग्नाची. दुपारी तिथली माणसं ती न्यायला येणार होती. मी तिच्यावर बसलो, कळ दाबली, आणि तीन थेंब पडले. तांबूस थेंब.

सुवर्णाने कपाळाला हात लावला आणि ती चक्क रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. तिच्यापाशी जावं असं वाटलं, पण मागचे पाय नीट उचलेनात. मारुतीराव माग थांबवून आले. त्यांनी साडी पाहिली, मला पाहिलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. "पुरे झालं," ते म्हणाले. "मच्छे गावाला कारखान्यांकडं सोडून येतो. तितं उंदीर बी मिळतील त्याला."

भैरवी मध्ये आली. "आप्पा, थांबा की! बरं नसंल त्याला. सकाळपास्नं कसंतरीच करतोय."

मारुतीरावांनी मला मांडीवर घेतलं आणि पोटावर हात ठेवला. आणि मित्रांनो, त्या क्षणी मी घुरघुरलो. मोठ्याने घुरघुरलो. तुम्हाला वाटेल, हा बोका वेडा आहे की काय? अहो, आम्ही आनंदात घुरघुरतो हे खरं, पण फार दुखतं किंवा भीती वाटते तेव्हाही घुरघुरतो. त्या वेळी थोपटायला आई जवळ नसते, म्हणून आम्ही आपणच आपल्याला थोपटतो. मी स्वतःला थोपटत होतो.

"ऐक," मारुतीराव लेकीला म्हणाले. "आजारी असता तर असा घुरघुरला असता व्हय? कसं मजेत हाय बग."

भैरवीने कान लावला. तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. माझ्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं, तेही माझ्याच आवाजाने गप्प केलं. त्या क्षणी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. मला घुरघुर थांबवायची होती. पण कळ येत होती आणि घुरघुर वाढत होती.

त्यांनी मला पिशवीत घातलं, पिशवी स्कूटरच्या पुढच्या हुकाला अडकवली आणि स्कूटर चालू केली. पिशवीच्या तोंडातून मला अंगण दिसत होतं. मच्छेपर्यंत मी जिवंत पोचलो असतो, पण तिथे एका दिवसापेक्षा जास्त टिकलो नसतो. हे मला आत कुठेतरी कळत होतं.

तेवढ्यात मनुआक्का बाहेर आली. माग बंद का पडले ते बघायला आली असावी. तिने साडी पाहिली. मग ती वाकून पिशवीच्या तोंडातून माझ्याकडे बघायला लागली, नेहमीसारखीच टक लावून. मी मनात म्हटलं, घ्या, आता हिचीही हौस फिटली.

मनुआक्का सरळ झाली, स्कूटरच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने तळवा उभा धरला.

मारुतीरावांचा हात आपोआप चावीकडे गेला आणि स्कूटर बंद झाली. तीस वर्षांत तो तळवा दिसल्यावर त्यांनी कधी प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी मात्र ते स्कूटर बंद केल्यावर तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "आक्का, त्याला काय बी झालं न्हाय! घुरघुरतोय की तो!"

"मला त्याची घुरघुर काय ऐकू येत न्हाय," मनुआक्का म्हणाली. "मला दिसतंय ते सांगते. पाठ बग त्याची, कशी आखडल्याय. कान बाजूला पडलेत. मिशा मागं वडल्यात. डोळं अर्धं मिटून बसलाय. कांडी भरताना रोज बगते मी त्याला. कालपास्नं बसाय जातोय आन् उठतोय, बसाय जातोय आन् उठतोय. माज न्हाय रं ह्यो. लई दुखतंय त्याला."

सुवर्णाने साडीवरचे डाग परत पाहिले. "अवं," ती हळूच म्हणाली, "हे रगात हाय."

स्कूटर मच्छेच्या रस्त्याऐवजी जनावरांच्या दवाखान्याकडे गेली. मागे मनुआक्का बसली होती आणि मी तिच्या मांडीवर होतो. डॉक्टर नागेंद्रांनी माझं पोट दाबून पाहिलं आणि लगेच टेबल तयार करायला सांगितलं. "लघवीची वाट बंद झालीया. उद्या आणला असता तर माझ्या हातात काय राहिलं नसतं," ते म्हणाले.

"पण डॉक्टर, हा तर घुरघुरत होता की," मारुतीराव म्हणाले.

"दुखलं तरी घुरघुरतात हे. आपण कण्हतो न्हवं का, तसं."

मारुतीराव खाली बघत उभे राहिले. त्यांच्या हातात ती रिकामी पिशवी होती.

मी तीन दिवस दवाखान्यात राहिलो. त्यात सांगण्यासारखं सुखाचं काही नाही. नळी घातली, सुया टोचल्या. पण मला पडल्या पडल्या विचार करायला वेळ मिळाला आणि एक गोष्ट फार बोचली. सात वर्षं मी ओरडत होतो की मला कोणी वाचत नाही. आणि जी रोज वाचत होती, तिच्यावर मी कान पाडत होतो. तिचं टक लावून बघणं म्हणजे भांडण नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही ते माणूस तसंच बघतं. म्हणजे माझ्यातही मारुतीरावांइतकंच अडाणीपण होतं. हे मान्य करताना मला अजूनही राग येतो.

घरी आल्यावर काही सुधारणा झाल्या. मागांच्या बोलीत एक नवी खूण आली. दोन बोटं डोक्याशी धरून बाजूला पाडली की धोट्याचं बिनसलंय, हात काढ. मारुतीराव आता शेपूट आपटली की चोळणं थांबवतात, म्हणजे दहातल्या सात वेळा. लग्नाच्या घरी दुसरी साडी गेली आणि ती मोरपंखी साडी सुवर्णाने धुऊन माझ्या झोपायच्या टोपलीत अंथरली. पण परवाच मी तिच्याकडे बघून मायेने डोळे मिटले आणि ती गुलाबपाणी आणायला उठली. काय बोलणार?

गेल्या रविवारी भैरवीची मैत्रीण केतकी आली. तिने मला न विचारता उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "अय्या, किती घुरघुरतोय! खूश आहे ना हा?" पूर्वी सगळे एका सुरात व्हय म्हणाले असते. आता मात्र मारुतीराव, सुवर्णा, भैरवी, तिघांनीही मान वळवून मनुआक्काकडे पाहिलं. मनुआक्काने माझ्याकडे पाहिलं. मी कान बाजूला पाडले होते. तिने कांडी खाली ठेवली आणि तळवा उभा धरला. केतकीला काही कळलं नाही, पण भैरवीने मला तिच्या हातातून काढून घेतलं.

मग मी मनुआक्कापाशी जाऊन बसलो आणि हळूहळू डोळे मिटले. तिनेही हळूहळू मिटले.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर त्याचा नुसता आवाज ऐकू नका. त्याची पाठ बघा, कान बघा, शेपूट बघा, ते कुठे बसतं आणि बसून लगेच का उठतं ते बघा. मोठी माणसं म्हणतील की ते मजेत आहे. त्यांना म्हणू द्या, तुम्ही बघत राहा. आमच्या घरी मनुआक्का आहे. तुमच्या घरी ती नसेल, तेव्हा तळवा तुम्हालाच उभा धरावा लागेल.