'आंकर'चा परवाना

एगोन गेला आणि त्याच्याबरोबर 'आंकर'चा दारूचा परवानाही गेला. एगोनला निदान फुलं मिळाली, पाद्र्याचे दोन चांगले शब्द मिळाले. परवान्यासाठी कोणी टोपीसुद्धा काढली नाही. दफनाहून परतलेली मंडळी नेहमीसारखी 'आंकर'मध्ये शिरली, मयताची बिअर प्यायली, एगोनच्या नावाने श्नाप्सचे पेले रिचवले, आणि त्याची बोदिल गल्ल्यामागे उभी राहून डोळे पुसत पुसत ओतत राहिली. आपण ओततोय ते शेवटचं, हे तिच्या गावीही नव्हतं.

'आंकर' म्हणजे त्या गल्लीतली सगळ्यात जुनी बोदेगा, रोजच्या गिऱ्हाइकांचा साधा गुत्ता. काळपट लाकडी भिंती, धुराने पिवळं पडलेलं छत, पाच टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर फासे टाकायचा चामडी पेला. गाणी नाहीत, बाजा नाही. सकाळी दहाला दार उघडायचं. पेन्शनीत निघालेले गोदी कामगार, एखादी विधवा, एखादा घटस्फोटित मास्तर यायचे, बिअरची एकेक बाटली घेऊन तासन्‌तास बसायचे, फाशांवर दबक्या आवाजात भांडायचे आणि संध्याकाळच्या जेवणाला घरी जायचे. रात्री हंगामा करायला इथे कोणी येतच नव्हतं. हंगामा समोर होता.

समोर मिक्केलचा बार. आधी एक दुकान, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. दारूचे दहा-दहा छोटे पेले मांडलेल्या फळ्या, लग्नाआधी नवरदेवाला मांजराचे कान घालून फिरवणारी टोळकी, पहाटेपर्यंत धडधड, आणि सकाळी लोकांच्या दारात ओकारी. गल्लीतले रहिवासी वर्षानुवर्षं ओरडत होते. शेवटी नगरपालिकेला जाग आली आणि तिने जाहीर केलं, की या भागात दारूचा एकही नवा परवाना मिळणार नाही. बंदी तात्पुरती, दोन वर्षांची. ती बातमी बोदिलने 'आंकर'मध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती आणि एगोनने खूश होऊन सगळ्यांना फुकट पाजली होती. मिक्केलचं नाक कापलं गेलं, असं त्या भोळ्या जिवांना वाटलं.

दफनानंतर आठवड्याने बोदिल नगरपालिकेत गेली. तिला वाटलं, नाव बदलायचं काम आहे, सही केली की झालं. टेबलापलीकडे सिग्ने नावाची तरुण अधिकारी होती. पोरगी स्वभावाने गोड होती, आणि तेच जास्त जिव्हारी लागणारं होतं. उद्धट माणसावर निदान ओरडता तरी येतं.

"परवाना एगोनच्या नावावर होता," सिग्ने म्हणाली. "तो माणसाचा असतो गं, जागेचा नसतो. माणूस गेला की संपला."

"मग माझ्या नावावर कर. मी जन्मभर तिथेच उभी आहे."

"तो नवा परवाना होईल. आणि नव्यांवर बंदी आहे."

"नवा कसा? तेच दार, तेच टेबल, तीच मी!"

सिग्नेने पडद्यावर काहीतरी शोधलं आणि तिचा चेहरा उजळला. "थांब, एक वाट आहे. मागे राहिलेल्या बायकोला तोच परवाना पुढे चालवता येतो. बंदी असली तरी. लग्नाचा दाखला आणलास का?"

दाखला नव्हता, कारण लग्नच नव्हतं. त्या दोघांच्या तरुणपणी अर्ध्या डेन्मार्कने तेच केलं होतं. कागदाविना राहायचं. पाद्री नको, नगरपालिका नको, अंगठी नको. एकत्र राहायला सरकारी शिक्का लागतो तो भित्र्यांना, असं बोदिल तेव्हा ठणकावून सांगायची. पन्नाशीला आल्यावर एगोनने एकदा मांजराच्या पावलांनी विषय काढला होता, "करून टाकायचं का गं?" तर ही इतकी हसली, की त्याने परत कधी तोंड उघडलं नाही. जिथे माणसं कागदाविना सुखाने म्हातारी होतात तिथे पुढे कोणी कागद मागेल, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

"लग्न नाही केलं आम्ही," बोदिल म्हणाली. "राहत होतो एकत्र. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"मला वाईट वाटतं, बोदिल. पण मग कायद्याने तू त्याची कोणी नाहीस."

आता मात्र बोदिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खुर्चीवरून उठलीच.

"कोणी नाही? मला पेन्शन लागलं तेव्हा तुम्हीच लिहिलंत ना, ही बाई एकटी नाही, हिच्या घरात पुरुष आहे, म्हणून हिला कमी द्या? तेव्हा दाखला मागितलात? तेव्हा आमचे दोन टूथब्रश मोजून आम्हाला जोडपं ठरवलंत! कापायचं असलं की मी त्याची बायको, आणि द्यायचं असलं की कोणी नाही?"

पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. सिग्नेचे कान लाल झाले.

"ते पेन्शनचं खातं वेगळं आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"पण बाई एकच आहे!" बोदिल म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. वय झालं होतं, पण राग आवरायची सवय तिला कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिक्केल आला. हातात पांढरी फुलं, चेहऱ्यावर दुःख, आणि डोळे 'आंकर'च्या भिंतींची मापं घेत होते.

"बोदिल, एगोन माझा मित्रच होता," तो म्हणाला.

"तो तुला गटार म्हणायचा."

"प्रेमाने म्हणायचा!" मिक्केल हसला आणि खुर्ची ओढून बसला. "हे बघ, जागेचा भाडेकरार तुझ्याही नावावर आहे, मला माहीत आहे. पण दारूशिवाय ही जागा काय कामाची? ती मला दे. मी माझाच बार इकडे वाढवतो. माझ्याकडे परवाना आहे."

"नव्यांवर बंदी आहे ना?"

"नव्यांवर. माझा जुना आहे. जुना वाढवता येतो, रस्ता ओलांडूनसुद्धा. मी विचारून आलोय."

बोदिल त्याच्याकडे बघतच राहिली. मिक्केलला आवरायला आणलेली बंदी मिक्केलला आणखी एक दुकान मिळवून देत होती. ज्या जागेतून कधी खोकल्यापलीकडे आवाज आला नाही, ती बंद. आणि ज्याने गल्लीची झोप उडवली, तो वाढणार. एवढं उरफाटं काम एखाद्याला ठरवूनसुद्धा जमलं नसतं, नगरपालिकेला ते सहज जमलं होतं.

"आणि तुला काढणार नाही हां," मिक्केल मोठ्या मनाने म्हणाला. "तू उभी राहा गल्ल्यामागे. जुन्या काळची आजी म्हणून. पर्यटकांना आवडेल."

"आजी तुझी बसली असेल घरी. तिला उभी कर," बोदिल म्हणाली. "आणि ही फुलं घेऊन जा. एगोनला शिंका यायच्या."

तिने ठरवलं, दोन वर्षं कळ काढायची. बंदी तात्पुरती आहे ना? मग ती उठेपर्यंत 'आंकर'चं दार उघडं ठेवायचं, कॉफी विकायची, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा घालून विकायची, आणि बंदी उठली की पहिला अर्ज आपला. कॉफीला परवाना लागत नव्हता. म्हणजे अजून तरी लागत नव्हता.

सोमवारी दहाला तिने दार उघडलं. पहिला आला थोर्किल, गोदीतला जुना क्रेनवाला, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. त्याच्यामागे लिसेलोटे मास्तरीण आणि आणखी चौघं. सगळे आपापल्या जागी बसले. बोदिलने कॉफी आणून ठेवली. थोर्किलने कपात वाकून पाहिलं.

"हे काय, औषध?"

"कॉफी आहे. पी गुमान."

"बोदिल, माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण इतकं नाही."

त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, काठी टेकत उठला आणि बाहेर पडला. गेला बिचारा, असं बोदिलला वाटलं. पाच मिनिटांनी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून बिअरची बाटली घेऊन आला आणि 'आंकर'च्या पायरीपाशी फुटपाथवर उभा राहून प्यायला लागला. रस्त्यावर पिण्याला काही आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती छपराखाली, खुर्चीवर, शांतपणे पिण्याला.

"माझी पाळी आली की हाक मार!" त्याने खिडकीतून सांगितलं. त्याची पाळी आली. तो बाटली पायरीवर ठेवून आत आला, फासे टाकले, हरला, शिवी हासडली आणि परत बाहेर गेला. पुढच्या पाळीला लिसेलोटेही त्याच्या शेजारी उभी होती. आठवडाभरात सगळी 'आंकर' फुटपाथवर आली. आत फासे, बाहेर बिअर, आणि मध्ये उघडं दार. आत बसून जी माणसं कुजबुजल्यासारखी बोलायची ती आता गाड्यांच्या आवाजावर ओरडून बोलायला लागली. थोर्किलचे गुडघे उभं राहून सुजले. बोदिलने त्याला बसायला एक खोका दिला.

महिन्याभरात सिग्ने आली. भर दुपार होती. तिच्या गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र होतं आणि चेहऱ्यावर तेच गोड ओशाळलेपण.

"बोदिल, तक्रार आलीय. वरच्या मजल्यावरच्यांची. तुझ्या दारात रोज लोक जमतात, आवाज होतो म्हणे."

"होतो. खरं आहे."

"त्यांना आत का नाही घेत?"

"बाटल्यांसकट घेऊ?"

"बाटल्या नाही चालणार."

"मग ते बाहेरच राहणार. इतकी वर्षं आतच होते, सिग्ने. त्यांना रस्त्यावर मी नाही आणलं."

सिग्ने काही बोलणार, इतक्यात समोर मिक्केलच्या पोरांनी दारं उघडली आणि रोजची धडधड सुरू झाली. खिडकीच्या काचा थरथरल्या. सिग्नेला आवाज चढवावा लागला.

"हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगते! ही तक्रार 'आंकर'च्या नावावर चढते! आणखी आल्या तर बंदी उठल्यावरही तुला परवाना मिळणं कठीण! आवाज करणाऱ्या जागेला देत नाहीत!"

"आणि हे?" बोदिलने समोर बोट केलं. "हा आवाज कोणाच्या नावावर चढतो?"

"त्याच्याकडे परवाना आहे!" सिग्ने ओरडली. ओरडल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिने मान खाली घातली.

"मग मी करू तरी काय?" बोदिलने विचारलं.

"यांना घरी पाठव. दोन वर्षं. एवढंच."

बोदिलने फुटपाथकडे पाहिलं. थोर्किल खोक्यावर बसून दुखरा गुडघा दाबत होता. लिसेलोटे कोटाची कॉलर वर करून उभी होती. दोघांनीही सगळं ऐकलं होतं. थोर्किल काठी शोधायला लागला.

"जातो आम्ही, बोदिल," तो म्हणाला. "तुझं नुकसान नको."

"खाली बस," बोदिल म्हणाली. मग ती सिग्नेकडे वळली. "यांना हाकलून परवाना मिळवू, आणि पाजू कोणाला? मांजराचे कान घातलेल्यांना? दोन वर्षांनी यातलं कोण जिवंत असेल, ते तुझी नगरपालिका लिहून देईल?"

त्या कामाचं खातंही बहुधा वेगळं असावं. बोदिलने ॲप्रन सोडलं, पायरी उतरली, थोर्किलच्या हातातली बाटली घेतली आणि भर रस्त्यात, नगरपालिकेच्या डोळ्यांदेखत, एक मोठा घोट घेतला.

"लिही आता," ती म्हणाली. "म्हणावं, फुटपाथवर आणखी एक बाई वाढली."