नावाआधीचं टिंब

कोशाची प्रुफं तपासणाऱ्या मुंगीने, सगळे तिला याच नावाने हाक मारत, लाल पेनाने टिंबावर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘काढा’. मग तिचं समाधान होईना म्हणून त्याखाली दोन रेघा ओढल्या. छापखान्यातल्या माणसांना एक रेघ दिसत नाही, असा तिचा पस्तीस वर्षांचा अनुभव होता.

“काय काढलंत?” खिडकीजवळच्या टेबलावरून कोशकारांनी विचारलं. त्यांनी मान वर केली नव्हती. लाल पेन कागदावर चाललं की त्यांना आवाजावरून कळायचं.

“टिंब पडलंय सर, चुकून. एकशे चाळिसाव्या पानावर.”

“कोणत्या नावाला?”

ते नाव या घरात सतरा वर्षं कुणी घेतलं नव्हतं. आता छापलेलं समोर होतं, तरी मुंगीची जीभ रेटेना.

“चुकून नाही पडलेलं,” कोशकार म्हणाले. “मी दिलंय.”

नावांचा हा कोश म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आठ हजार नावं. प्रत्येक नाव कुठून आलं, कुठल्या लोकांत त्याचा काय अर्थ, कुठल्या भाषेत ते लाडाचं आणि कुठल्या भाषेत शिवी, सगळं पुराव्यानिशी. बाजारात नावांची गुळमट पुस्तकं ढीगभर मिळतात, त्यांत प्रत्येक मुलगी चांदणी असते आणि प्रत्येक मुलगा सिंह. कोशकारांना त्यांची शिसारी होती. त्यांच्या कोशात एखाद्या देखण्या नावापुढे ‘एका भाषेत: कोंबड्यांचं खुराडं’ असंही छापलेलं असायचं. अशी नावं असलेल्या लोकांची रागाची पत्रं येत, ती ते चहाबरोबर चवीने वाचत.

आणि टिंब. ज्या नावाचं हयात माणूस संपादकांच्या माहितीत उरलेलं नाही, त्या नावाआधी काळं टिंब. ही युक्ती काकूंची, म्हणजे कोशकारांच्या बायकोची. पहिल्या आवृत्तीच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, गेलेल्याला गेलेलं म्हणावं, पण हळू आवाजात. मुखपृष्ठावर संपादक म्हणून दोघांचीही नावं होती; त्यांचं ठळक, काकूंचं जरा बारीक.

टिंब हटवायचा नियम मात्र कोशकारांचा. त्या नावाच्या माणसाला ओळखणाऱ्या दोघांनी सही करून द्यायची, की तो हयात आहे. एकदा एक गृहस्थ घामाघूम होऊन दारात आले होते, अहो मी जिवंत आहे, माझ्या नावाला टिंब कसलं देता! कोशकारांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं की धारकाने स्वतःबद्दल सांगितलेलं चालत नाही. दुसऱ्या दिवशी बिचारे आपल्या न्हाव्याला आणि सासूला घेऊन आले. तेव्हा कुठे टिंब गेलं. ही गोष्ट कोशकार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

“सर,” मुंगी म्हणाली, “या नावाचं माणूस आहे की. आपली—”

“पुरावा?”

“पुरावा काय मागता सर, लहानपणी माझ्याच मांडीवर बसून नावांची कार्डं लावायची ती.”

कोशकारांनी खण उघडला, आतून एक पाकीट काढलं आणि टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं. मुंगीला उठून जावं लागलं. पत्र तीन ओळींचं होतं, जावयाचं. थंडीत छातीचं दुखणं झालं, बारा दिवसांत सगळं आटोपलं. शेवटची ओळ होती, आईंना तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही.

वर तारीख होती तीन वर्षांपूर्वीची.

मुंगीने पत्र दोनदा वाचलं. तिला आधी त्या पोरीचे दुधाचे दात आठवले, आणि मग काकूंचा आवाज, गेल्याच महिन्यातला.

तेव्हा काकूंनी स्वतःहून विषय काढला होता, सतरा वर्षांत पहिल्यांदा. लेक बावीसची असताना एका विधुराशी, एका मुलाच्या बापाशी लग्न करून गेली. कोशकार म्हणाले, हे नाव या घरात पुन्हा निघायचं नाही. आणि दुसऱ्या आवृत्तीत ते निघालंही नाही. कार्ड काढायला मुंगीलाच सांगितलं होतं आणि मुंगीने हूं की चूं न करता काढलं होतं. मागच्या महिन्यात काकू म्हणाल्या, “तिसऱ्या आवृत्तीत ते नाव घाला. दुसरं काही मागत नाही. पोर कुठेही असली तरी पुस्तकाच्या दुकानात गेल्यावर आधी आपलं नाव शोधते. सापडलं तर येईल.”

कोशकार म्हणाले, “घालू.”

इतक्या पटकन म्हणाले की काकूंना रडू आलं. त्या दिवसापासून त्यांनी आतली खोली दोनदा झाडून घेतली होती. मुंगीलाही वाटलं होतं, म्हातारा विरघळला. आता तिला स्वतःच्या भोळेपणाची लाज वाटली.

“काकूंना माहीत आहे?” तिने विचारलं.

“तिने विचारलं नाही कधी.”

“अहो, काय विचारणार त्या! रोज वाट बघतात.”

“नाव घाला म्हणाली, घातलं. जसं घालायला हवं तसं घातलं.” कोशकारांनी पत्र पुन्हा पाकिटात घातलं, पाकीट खणात. “तुमची काट खोडा. आणि चार वाजत आलेत.”

चार वाजता प्रुफं काकूंना वाचून दाखवायची असत. हा पहिल्या आवृत्तीपासूनचा शिरस्ता. डोळे चांगले होते तेव्हाही काकू कानानेच चुका पकडत. सगळं वाचायचं, स्वल्पविराम, कंस, टिंब, काही गाळायचं नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर पार गेली होती. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळायचं.

काकू वेळेआधीच येऊन बसल्या होत्या. केस विंचरलेले, हात मांडीवर.

“मुंगे, आज ते पान आहे ना गं?”

“आहे.”

“मग हळू वाच.”

मुंगीने खाकरून घसा साफ केला. कोशकार खिडकीजवळ नव्या कार्डांसाठी पट्टीने कागद फाडत बसले होते. मुंगीने वरची चार नावं वाचली, एकाला टिंब होतं ते वाचलं, आणि मग ते नाव वाचलं. नुसतंच नाव. त्याआधी काही म्हणाली नाही.

काकूंचे ओठ नावाबरोबर हलले.

“पुढे,” त्या म्हणाल्या.

“किनाऱ्यावरच्या लोकांत, अपूर्णविराम, सगळ्यात शेवटी परतणाऱ्या होडीचा दिवा.”

“ते मला प्रसूतिगृहात शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं होतं. नवरा खलाशी होता तिचा, बुडाला. तिच्या आजीचं नाव होतं ते. तिच्यानंतर कुणी ठेवलं नाही म्हणाली. मी म्हटलं, मी ठेवते.”

“डोंगरातल्या मेंढपाळांत, कळपातून मागे राहिलेलं कोकरू. कंसात, ज्याच्यासाठी परत जावं लागतं ते.”

“हे दाईने सांगितलं. आणि तिसरं?”

“वाळवंटातल्या टोळ्यांत, उंटाच्या पोटाखालची सावली. कंसात, जुना वापर. चौथं, उत्तरेकडच्या एका बोलीत, भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड.”

काकू हसल्या. “हे तिला फार आवडायचं. मी खरवड आहे, मी खरवड आहे, म्हणून नाचायची. तुला आठवतं?”

“आठवतं,” मुंगी म्हणाली. तिला पुढचं नीट दिसेना.

“झालं?”

“झालं काकू. पुढचं नाव—”

“खोटं वाचू नका,” कोशकार म्हणाले.

पट्टी थांबली होती. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट समजावून सांगावं तसा होता.

“कोश आहे हा. जे छापलंय ते सगळं वाचायचं. नावाआधी काय आहे ते वाचलं नाहीत तुम्ही.”

काकूंनी मान मुंगीकडे वळवली, मग उजेडाकडे, जिथे नवरा बसलेला असायचा. टिंब त्यांनीच शोधून काढलं होतं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

“मुंगे?”

“हो,” मुंगी कशीबशी म्हणाली. “आहे.”

काकूंचे हात मांडीवरून खुर्चीच्या दांड्यावर गेले. बराच वेळ त्यांनी दांडा घट्ट धरून ठेवला. रडतील, किंचाळतील असं मुंगीला वाटत होतं. ती अर्धी उठलीही. काकूंनी हातानेच तिला बस म्हटलं.

“कधी?”

“तीन वर्षं झाली,” कोशकार म्हणाले. “छातीचं दुखणं. जावयाचं पत्र आहे, खणात. पुराव्याशिवाय मी टिंब देत नाही, तुला माहीत आहे.”

“तीन वर्षं.” काकूंनी मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं. “तेव्हा मला दिसत होतं.”

कोशकारांनी पट्टी सरळ केली.

“पत्र मला वाचता आलं असतं,” काकू म्हणाल्या. “माझं मी वाचलं असतं.”

कोशकार पुन्हा कागद फाडू लागले. मुंगीला त्या आवाजाची इतकी चीड आली की तिने हातातला गठ्ठा टेबलावर आपटला.

“मुंगे, आपटू नकोस, पानं विस्कटतील,” काकू म्हणाल्या. “यांचं नाव कितव्या पानावर आहे?”

“सरांचं?”

“काढ ते पान. वाच.”

मुंगीने पान काढलं आणि वाचलं. चांगलं दणकट नाव होतं; तीन भाषांत त्याचा अर्थ राखणारा, एका भाषेत कुंपण. टिंब नव्हतं.

“टिंब दे,” काकू म्हणाल्या.

कोशकार हसले. “काय पोरखेळ लावलाय? या एका शहरात त्या नावाचे शंभर जण निघतील.”

“निघतील. संपादकांच्या माहितीत असायला हवा. मी संपादक आहे, माझ्या माहितीत एकही नाही. दे गं टिंब.”

मुंगीने लाल पेन उघडलं. नावाच्या अगदी आधी एक टिंब दिलं आणि समासात लिहिलं, ‘घाला’. खाली दोन रेघा ओढल्या.

“खोडा ते,” कोशकार मुंगीला म्हणाले. आता ते हसत नव्हते. “बाई, तुम्हाला सांगतोय. मी समोर बसलोय तुमच्या.”

“स्वतःबद्दल सांगितलेलं चालत नाही,” काकू म्हणाल्या. “ओळखणारे दोघे लागतात. सही करून.”

कोशकारांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत दोघीच होत्या. या घरी येणंजाणं आता कुणाचं उरलं नव्हतं. रागाची पत्रं यायची तेवढीच. त्यांनी काकूंकडे पाहिलं, पण काकूंकडे पाहून उपयोग नसतो हे लक्षात येऊन ते मुंगीकडे वळले.

“तुम्ही ओळखता मला,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं.”

पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात विनवणीसारखं काहीतरी होतं. आजवर मुंगीला वाटलं होतं, आपण यांना खरंच ओळखतो.

“वाच गं पुढे,” काकू म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून आता पाणी ओघळत होतं, पण आवाज रोजचाच होता. “पानं उद्या छापखान्यात जायचीत.”

मुंगीने पेनाला टोपण लावलं, ते पान उलटून गठ्ठ्याखाली घातलं आणि पुढचं नाव वाचायला घेतलं.